प्रोसेसर १०० अंशांवर जातोय: कूलर बदलू, की आधी काही तपासू?

शिवडीकर (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माझा डेस्कटॉप २०२१ साली असेंबल केलेला आहे. इंटेल कोअर आय-५ १०४००, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कूलर (प्रोसेसरवर बसणारा धातूचा ठोकळा आणि पंखा) प्रोसेसरच्या खोक्यात आलेलाच. आमच्या भागातल्या व्याख्यानमालेचे व्हिडिओ मी जुळवून देतो. दीड तासाचं एक भाषण एक्स्पोर्ट व्हायला, म्हणजे त्याची तयार फाइल बनायला, पूर्वी दोन तासांच्या आत लागायचं. आता दोन तास वीस मिनिटं लागतात आणि पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जातो.

काल एचडब्ल्यूइन्फो हे तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून पाहिलं. नुसतं ब्राउझर उघडं असताना ५८ ते ६०, आणि एक्स्पोर्ट सुरू केला की थेट १००. थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग कमी होण्याच्या) ओळीत ‘येस’ येतं. ज्या दुकानातून मशीन घेतलं त्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘जुना झालाय, लिक्विड कूलर टाका नाहीतर प्रोसेसर-मदरबोर्ड बदला.’ दिवाळीआधी सहा भाषणं द्यायची आहेत. खर्च करायला हरकत नाही, पण ज्या गोष्टीवर करायचा तीच बिघडलेली आहे, एवढं आधी कळायला हवं.

घरचे सगळे आख्ख्या खोक्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात, म्हणून स्पष्ट करतो: गरम होतोय तो आतला प्रोसेसर. खोका बाहेरून हाताला गारच लागतो.

रात्रपाळी (शनिवार, रात्री १०:०५)

शिवडीकर, खोक्यातला कूलर मुंबईच्या हवेला पुरत नाही, हा माझा अनुभव आहे. ऑक्टोबर सुरू आहे, पंखा गरम हवाच ढकलतोय. चांगला टॉवर कूलर, म्हणजे उंच आणि मोठा, घ्या, १२० मिलिमीटर पंख्याचा. लॅमिंग्टन रोडला लगेच मिळेल. मी तेच केलं आणि २५ अंशांचा फरक पडला.

कल्याण_लोकल (शनिवार, रात्री १०:३०)

तोवर काम अडायला नको म्हणून एक सांगतो. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ करा. टर्बो, म्हणजे आपोआप वाढणारा वेग, बंद होतो. तुमचा प्रोसेसर २.९ गिगाहर्ट्झच्या मूळ वेगावर चालेल आणि तापमान झटकन उतरेल. हा इलाज नाही, पण दिवाळीची भाषणं पोहोचतील.

मीठवारा (शनिवार, रात्री ११:१५)

शिवडीकर, खरेदी करण्याआधी दोन दिवस थांबा. मी वर्सोव्याला राहते आणि गेली बरीच वर्षं सोसायट्यांमधली, छोट्या ऑफिसांमधली मशीन उघडत आले आहे. नुसत्या ‘१०० अंश’ या आकड्यावरून मला काहीच सांगता येत नाही. डॉक्टरांना ‘ताप आहे’ एवढंच सांगण्यासारखं ते आहे. त्याच्यासोबत तीन गोष्टी लागतात.

पहिली, वॅट. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ अशी ओळ असते, प्रोसेसर किती वीज खातोय ते सांगणारी. एक्स्पोर्ट सुरू होऊन दोन मिनिटं झाली की तिथला आकडा वाचा. तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा आहे. इंटेलच्या हिशेबाने तो सुरुवातीची साधारण २८ सेकंदं १३४ वॅटपर्यंत जाऊ शकतो, मग ६५ वर यायला हवा. काही मदरबोर्ड ही मर्यादा पाळतच नाहीत, कारखान्यातूनच ती सैल सोडलेली असते. दोन मिनिटांनंतरही ८०-९० वॅट दिसत असतील तर कूलर बिचारा निर्दोष आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) मर्यादा घालायची आणि विषय संपवायचा.

दुसरी, खोलीचं तापमान. भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर चालेल, खोक्यापासून दोन हात लांब ठेवा. हवेवर चालणारा कुठलाच कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. आपल्याकडे खोली ३२, तर थंड प्रदेशातले लोक २० अंशांच्या खोलीत मोजतात. त्यांनी टाकलेल्या ६३ ला आपल्याकडे ७५ म्हणायचं.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: तापमान चढायला किती वेळ लागतो. एक्स्पोर्ट सुरू करा आणि आकड्याकडे बघत सेकंद मोजा. थांबवल्यावरही बघा, उतरायला किती वेळ लागतो ते.

हे तीन आकडे द्या. मग बोलू.

गुळपोळी (रविवार, सकाळी ८:२०)

वाचते आहे. एक शंका: ८० च्या वर गेलं की प्रोसेसर जळतो असं सगळीकडे ऐकलंय. मग शिवडीकरांनी १०० वर मशीन चालवणं धोक्याचं नाही का?

मीठवारा (रविवार, सकाळी ९:००)

गुळपोळी, १०४०० ची कमाल मर्यादाच १०० अंश आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःचा वेग कमी करून तापमान धरून ठेवतो. त्याउपरही चढलंच तर मशीन स्वतःहून बंद पडतं. त्यामुळे एका रात्रीत जळत नाही. पण म्हणून त्याला तिथेच राहू द्यावं असं मी म्हणणार नाही. वेग जातो, आजूबाजूचे भाग तापतात, पंखा दिवसभर पूर्ण वेगाने फिरून लवकर झिजतो.

शिवडीकर (रविवार, दुपारी १:१०)

मीठवारा ताई, आकडे घ्या.

खोली ३२. दोन मिनिटांनंतर पॅकेज पॉवर ४८ वॅट. वेग २.९ ते ३.१ गिगाहर्ट्झच्या मध्ये हलतो. पंखा मिनिटाला २७०० फेऱ्यांच्या आसपास फिरतोय, म्हणजे बंद नाही.

चढायचा वेळ मी तीनदा मोजला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. ५९ वरून ९७ व्हायला तीन सेकंद. आणि एक्स्पोर्ट थांबवला की दोन-तीन सेकंदांत परत ६५.

मधल्या वेळात बाजूचं पॅनल उघडून धूळ साफ केली. ब्लोअर शेजाऱ्यांकडून आणला. आमच्या बाजूला शिवडी-वरळी उन्नत मार्गाचं काम चालू आहे, त्यामुळे धूळ काय होती ते सांगायला नको. कूलरच्या पात्यांमधून करडा नमदाच निघाला. साफ केल्यावर ४८ चे ५२ वॅट झाले. तापमान मात्र अजून १००.

रात्रपाळी (रविवार, दुपारी १:४५)

म्हणजे मी म्हणतो तेच. धूळ काढूनही १००, तर कूलरची ताकदच कमी आहे.

मीठवारा (रविवार, दुपारी ३:३०)

रात्रपाळी, इथे मी असहमत आहे. का ते नीट सांगते.

शिवडीकरांचा प्रोसेसर ५२ वॅट खातोय आणि खोलीपेक्षा ६८ अंश वर आहे. भागाकार करा: दर वॅटमागे १.३ अंश. हाच कूलर व्यवस्थित बसलेला असताना दर वॅटमागे ०.६ ते ०.७ अंश चढतो, हे मी कितीतरी मशीनवर मोजलंय. ६५ वॅटला ३२ च्या खोलीत ७१ ते ७७ यायला हवं. म्हणजे कूलर लहान आहे हे खरं, पण तो निम्मंच काम करतोय. लहान असल्याने असं होत नाही.

आता ते तीन सेकंद. तळापासून पात्यांपर्यंत ॲल्युमिनियमचा तो गोळा चांगला वजनदार असतो. तो तापायला मिनिटं लागतात, सेकंदं नाही. कूलर लहान असता, किंवा धूळ साचलेली असती, किंवा खोक्यात हवा कोंडली असती, तर आकडा हळूहळू चढला असता: ७०, ७८, ८५ असा, दहा-पंधरा मिनिटं घेत. तीन सेकंदांत ९७ होतं याचा अर्थ उष्णता त्या धातूपर्यंत नीट पोहोचत नाहीये. प्रोसेसरच्या झाकणावरच अडलीय. उतरतानाही तसंच झालं.

म्हणून अडचण प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधल्या जागेत आहे. तिथली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असेल, किंवा कूलर एका बाजूने उचललेला असेल.

टॉवर कूलर आणलात तर तापमान उतरेल, यात शंका नाही. नवी पेस्ट लागेल, नवीन पकड येईल. पण बरं झालं ते पेस्ट आणि पकडीमुळे, आणि श्रेय मात्र नव्या कूलरला जाईल. रात्रपाळी, तुमच्या २५ अंशांतले निदान काही त्यातलेच असावेत.

शिवडीकर, अजून एक तपासणी करा, पैसे लागत नाहीत. दहा मिनिटं एक्स्पोर्ट चालवा, मग मशीन बंद करा, प्लग काढा, पंखा थांबू द्या. लगेच कूलरच्या धातूला बोट लावा. पंखा फिरत असताना हात घालू नका. प्रोसेसर १०० वर आणि धातू नुसता कोमट असेल तर माझं म्हणणं पक्कं झालं. धातू चटका देत असेल तर मी चुकले, मग हवेकडे बघू.

शिवडीकर (रविवार, सायंकाळी ५:००)

कोमट. उन्हात ठेवलेल्या स्टीलच्या डब्याइतकाही नाही. बोट हवं तितका वेळ ठेवता येतं.

कल्याण_लोकल (रविवार, सायंकाळी ५:२०)

आता कॅबिनेटचं दुसरं पॅनल उघडा, मदरबोर्डच्या पाठीमागचं. बऱ्याच कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या मागे पत्र्याला चौकोनी खिडकी कापलेली असते. इंटेलच्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यांची टोकं तिथून दिसतात. पांढऱ्या पायांच्या मधून काळी टोकं नीट बाहेर आली आहेत का ते मोबाइलच्या टॉर्चने पाहा. चारही सारखी दिसायला हवीत.

मागे कधी मशीन हलवलं होतं का?

शिवडीकर (रविवार, सायंकाळी ६:१०)

चारपैकी तीन सारख्या. रॅमच्या बाजूची वरची पिन वेगळी आहे. पांढरा एक पाय आत दुमडलेला आणि काळं टोक दिसतच नाही.

आणि हो, हलवलं होतं. मार्चमध्ये परळहून इथे राहायला आलो तेव्हा टेम्पोत आडवं ठेवून आणलं. तेव्हापासून हळूहळू मशीन मंद वाटायला लागलं. मला वाटलं विंडोजचं अपडेट असेल. आता आठवून वाईट वाटतंय, सहा महिने तसंच चालवलं.

मीठवारा (रविवार, सायंकाळी ६:४५)

वाईट वाटून घेऊ नका. सापडलं ना.

आता करायचं कसं ते लिहिते. घाई करू नका, दिवसाउजेडी करा.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पेस्टची छोटी ट्यूब आणा. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलात की दोन्ही मिळतात. हो, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असेल. पेस्ट कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची चालेल, महागड्यांमधला फरक या प्रोसेसरवर दोन-तीन अंशांचा असतो.

प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) हात लावायची गरज नाही. पंख्याची वायर मदरबोर्डवरून काढा. चारही पिनांची डोकी बाणाच्या दिशेने पाव वळण फिरवा आणि वर ओढा. कूलर सरळ ओढू नका, आधी जरा डावी-उजवीकडे फिरवून पेस्टची पकड सोडवा. प्रोसेसर सॉकेटमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच्या जागेतच, राहू द्या. तो उचलायचं काहीच कारण नाही, आणि खालच्या सॉकेटच्या बारीक पिना वाकल्या तर मदरबोर्ड गेला.

जुनी पेस्ट दोन्हीकडून अल्कोहोलने पुसा. नवी मध्यभागी वाटाण्याएवढी, बस्स. पेस्टचं काम धातूंमधले सूक्ष्म खड्डे भरण्याचं आहे. जाड थर दिलात तर तीच अडसर होते.

बसवताना सर्वात आधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेला शेवटपर्यंत फिरवलेली आहेत ना ते बघा. दुमडलेला पाय नखाने सरळ करा. चारही पिना आपापल्या भोकांवर उभ्या राहिल्या की मगच दाबा, आणि तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने. प्रत्येक पिनेला ‘टक्’ असा आवाज येतो. मागच्या खिडकीतून परत तपासा. कूलर बोटांनी हलकेच हलवला तर हलता कामा नये.

एएमडी या दुसऱ्या कंपनीचा, एएम४ सॉकेटचा प्रोसेसर असलेल्यांनी हे वाचून तसंच करू नये. तिथे पिना प्रोसेसरलाच असतात आणि थंड कूलर सरळ ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो. आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट मऊ करा, मग बंद करून कूलर फिरवत काढा.

गुळपोळी (रविवार, रात्री ८:००)

ताई, मध्येच विचारते. भावाचा एएमडीचा रायझन ७६००एक्स प्रोसेसर व्हिडिओ रेंडर करताना ९५ वर जाऊन तिथेच थांबतो. त्याचीही पिन असेल का?

मीठवारा (रविवार, रात्री ८:१५)

नाही. ७००० च्या मालिकेला एएमडीने ९५ पर्यंत जाऊ देण्याच्या बेतानेच बनवलंय. कूलरला जितकं झेपेल तितका वेग तो वाढवत नेतो आणि ९५ ला टेकतो. वॅट बघा. १२०-१४० च्या घरात असतील तर सगळं ठीक. आवाजाचा त्रास होत असेल तर बायोसमध्ये वीज कमी खायला लावणारा ‘इको मोड’ लावा, वेगात फरक थोडाच पडतो. ९५ अंश आणि वॅट मात्र ६०-७० च असतील, तर परत लिहा.

शिवडीकर (मंगळवार, रात्री १०:५०)

झालं! पाय तुटला नव्हता, नुसता दुमडला होता. जुनी पेस्ट तीन कोपऱ्यांत पातळ आणि चौथ्यात जाड, खडूसारखी वाळलेली. म्हणजे त्या बाजूने कूलर खरंच उचललेला होता.

ब्राउझर उघडं असताना आता ४१. एक्स्पोर्ट: दोन मिनिटांनी ६५ वॅट, ७१ अंश, वेग ३.७. दीड तासाचं भाषण एक तास त्रेपन्न मिनिटांत. पंखा ऐकू येतो, पण शेजारच्या खोलीत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. पंचवीस मिनिटांनंतर ७१ चे ८३ झाले. वॅट तेच. हळूहळू चढलं, ताईंनी लिहिलं होतं अगदी तसं.

मीठवारा (मंगळवार, रात्री ११:१०)

किती छान मोजलंत! हे ७१ चे ८३ म्हणजे दुसरा, वेगळा आजार आहे. पहिल्याच्या आड लपलेला. कॅबिनेट कुठे ठेवलंय?

शिवडीकर (मंगळवार, रात्री ११:१४)

कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात. तिन्ही बाजूंनी प्लायवूड, पुढे दार. दार उघडंच ठेवतो. मागची भिंत चार बोटांवर.

मीठवारा (मंगळवार, रात्री ११:३०)

तेच. मागच्या पंख्यातून बाहेर पडलेली गरम हवा भिंतीवर आपटून कप्प्यातच राहते आणि पुढून परत आत ओढली जाते. तुमच्या प्रोसेसरची ‘खोली’ ३२ ची नसून चाळिशीच्या आसपासची झालीय. आपल्याकडच्या घरांत जागाच कमी, टेबलं सगळी याच नमुन्याची, म्हणून हे मला फार ठिकाणी दिसतं. लोक एसी लावतात आणि कप्प्यातली हवा तशीच राहते.

खोका कप्प्यातून काढून टेबलाच्या बाजूला ठेवा, थेट जमिनीवर नको, विटेएवढ्या उंचीवर. मागे वीतभर जागा सोडा. पुढचा पंखा हवा आत आणि मागचा बाहेर, हे कागदाचा तुकडा धरून तपासा.

रात्रपाळी (बुधवार, सकाळी ७:००)

रात्रपाळी संपवून आत्ता घरी आलो आणि माझा जुना कूलर माळ्यावरून काढून पाहिला. तळाला प्लास्टिकचा पारदर्शक कागद अजून चिकटलेला आहे. पाच वर्षांपूर्वी असेंबल करणाऱ्याने तो काढलाच नव्हता आणि मी कधी बघितलं नाही. मीठवारा ताई, तुमचं म्हणणं मान्य. शिवडीकर, चुकीचा सल्ला दिला त्याबद्दल माफ करा.

शिवडीकर (बुधवार, रात्री ९:२०)

रात्रपाळी, माफी कसली, तुम्ही पहिल्या पंचवीस मिनिटांत धावून आलात.

खोका बाहेर काढला. मागचा पंखा उलटा नव्हता, कागद नीट ढकलला. पाऊण तास एक्स्पोर्ट: ६५ वॅट, ७५ वर स्थिर. खोली ३२.

मीठवारा (बुधवार, रात्री ९:४५)

४३ ला ६५ ने भागलं की ०.६६. तुमच्या कूलरचा हाच खरा आकडा, एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवा. पुढे कधी शंका आली तर यावरून कळेल. डिसेंबरात खोली २६ वर आली की याच कामाला ६९ दिसायला हवेत. जास्त दिसले तर धागा वर काढा.

शिवडीकर (डिसेंबर, रविवार, सकाळी ७:३०)

सहाही भाषणं दिवाळीआधी गेली. आज सकाळी सातवं लावलंय. खोली २६. ६५ वॅट. ६९.